पोपट विरले यांचा परस्त्रीयोग

आपल्या घरात भांडण होत नाही, ही गोष्ट पोपट विरले कंपनीच्या बसमध्ये सांगत, सलूनमध्ये सांगत, कोणाच्या मयताला गेले तर तिथेही सांगत. सांगताना आवाज असा, की जणू रोज पहाटे उठून भांडण न होण्याची सोय ते स्वतः करून ठेवतात. खरं कारण साधं होतं. भांडायला दोन माणसं लागतात, आणि त्यांची बायको सुनंदा त्यांचं बोलणं तेवढं मनावर घेत नसे.

कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाव. घरापुढे ओटी, मागे शेत, शेतात भात काढून वाल टाकलेला. पोपटराव रसायनीच्या एका केमिकल कारखान्यात स्टोअरकीपर होते. वय पंचावन्नच्या जरा अलीकडे आणि पोट जरा पलीकडे. मुलगा अक्षय नोकरीनिमित्त पुण्यात, महिन्यातून एकदा घरी. सून प्राची घरात बसूनच कॉम्प्युटरवर काम करणारी. अशा या शांत घराला वरचा मजला हवा, असं मुला-सुनेचं मत पडलं आणि स्लॅबचा मुहूर्त बघायला सुनंदाने पोपटरावांना कर्जतला नित्सुरे गुरुजींकडे धाडलं. बरोबर जुनी पत्रिका दिली आणि येताना कोथिंबीर आणायला पिशवी दिली. कोथिंबीर आली नाही.

नित्सुरे गुरुजी बाजारात एका चष्म्याच्या दुकानाच्या माळ्यावर बसत. त्यांनी पत्रिका उलगडली, मोबाइलवर आजचे ग्रह पाहिले, पुन्हा पत्रिका पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. डॉक्टरने स्टेथोस्कोप काढून ठेवला की पेशंटचं जे होतं ते पोपटरावांचं झालं.

"सिंह लग्न," गुरुजी म्हणाले. "म्हणजे सप्तमस्थान कुंभेचं. ते बायकोचं घर. तिथे राहू आधीच पाय पसरून बसलाय. आता शुक्र येतोय त्याच्या शेजारी. मागून मंगळ निघालाय. ही युती साधी नाही, पोपटराव."

"म्हणजे स्लॅब कोसळेल?"

"स्लॅबचं सोडा हो. घर कोसळेल. परस्त्रीयोग आहे."

"कोणाला?"

"तुम्हाला. पत्रिका तुमचीच आणलीत ना?"

पोपटरावांनी पत्रिकेवरचं नाव वाकून वाचलं. त्यांचंच होतं. तीस वर्षांच्या संसारात त्यांच्यावर कर्जाचा, पावसाचा, साहेबाचा, अशा अनेक गोष्टींचा योग आला होता. हा पहिल्यांदाच येत होता.

"शिमग्याच्या सुमाराला शुक्र मीनेत गेला की सुटलात," गुरुजी म्हणाले. "तोवर स्त्रीच्या आकर्षणापायी गृहसौख्याला धक्का."

"गुरुजी, एक शंका. तिला माझं आकर्षण, की मला तिचं?"

गुरुजींनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शास्त्रात दोन्ही धरतात," ते म्हणाले.

पोपटरावांनी त्यातलं पहिलं धरलं.

मग गुरुजींनी उपाय सांगितला. शुक्रवारी एखाद्या सवाष्णीला शुक्राच्या वस्तू दान करायच्या. पांढरं वस्त्र, साखर, सुगंधी द्रव्य. दान गुप्त ठेवायचं, वाच्यता झाली की फळ गेलं. आणि शिमग्यापर्यंत खोटं बोलायचं नाही. गुरुजी आणखीही काही बोलत होते, पण समोरच्या कपाटाच्या काचेत पोपटरावांना एक गृहस्थ दिसत होता. जरा भरलेला, पण रुबाबदार. त्या गृहस्थाने मिशीवरून बोट फिरवलं. तेवढ्या वेळात गुरुजींचं बोलणं संपलं.

घरी येईपर्यंत पोपटरावांनी ठरवून टाकलं होतं. लपवाछपवी करायची नाही. उपायाचं गुप्त ठेवायचं, पण योगाचं बायकोला आधीच सांगायचं. बिचारी घाबरेल, रडेल. तिला धीर द्यायचा.

सुनंदा ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलत होती.

"सुनंदा, बस जरा."

"बसलेलीच हाय."

"गुरुजींनी पत्रिका बघितली."

"कवाचा मुहूर्त?"

"मुहूर्ताचं मागाहून. आधी मन घट्ट कर."

सुनंदाने हातातला वाल परातीत ठेवला. "कोणाला काय झालं?"

"माझ्या सप्तमात शुक्र-राहूची युती होते. परस्त्रीयोग हाय. शिमग्यापर्यंत एखाद्या बाईमुळं आपल्या घराला धक्का बसू शकतो. मी तुला फसवणारा माणूस नाय, म्हणून आधीच सांगतो. तू धीर सोडू नको."

सुनंदा त्यांच्याकडे बघत राहिली. "कोणाच्या पत्रिकेत हाय हे?"

"माझ्या."

"तुमच्या."

"हां."

आधी तिचे खांदे हलले. मग तिने पदर तोंडात कोंबला, पण पदराला एवढा भार झेपला नाही. ती हसायला लागली ती परात कलंडेपर्यंत. वाल ओटीभर झाले. थोडी थांबली, पोपटरावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा सुरू झाली. शेवटी खांबाला टेकून तिने हाक मारली, "प्राची, ए प्राची, भाईर ये गं. पप्पांना बाई मिळणार हाय."

प्राची शिकलेली मुलगी. ती बाहेर आली, सगळं ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाली, "आई, असं हसू नये. पप्पांना वाईट वाटेल." एवढं बोलून ती घाईघाईने आत गेली. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

"यात हसण्यासारखं काय हाय?" पोपटरावांनी विचारलं.

"काय नाय वो," डोळे पुसत सुनंदा म्हणाली. "कोथिंबीर आणली का?"

पोपटरावांच्या जिव्हारी लागलं. नवऱ्यावर परस्त्रीचं संकट आलंय म्हटल्यावर बायकोने देव पाण्यात ठेवावेत, निदान जेवण तरी जाऊ नये घशाखाली. ही बाई त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त जेवली. जेवता जेवता मध्येच तिला आठवण यायची आणि ठसका लागायचा. दुसऱ्या दिवशी तिने फोनवर आपल्या बहिणीला सांगितलं. बहीण फोनमधून हसलेली पोपटरावांना ओटीवर ऐकू आली. तिसऱ्या दिवशी दूधवाला त्यांच्याकडे बघून उगाच हसला. तो कदाचित नेहमीच हसत असेल, पण पोपटरावांनी हिशेबात धरला.

त्यांना बाई मिळू नये अशी त्यांचीही इच्छा होती. पण ती मिळूच शकत नाही, असं घरादाराने एकमताने ठरवावं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी मनाशी म्हटलं, हिला कळत नाही केवढी इडापीडा टळतेय ते. आपण उपाय करू. मुकाट्याने करू. शुक्र मीनेत गेल्यावर सांगू, की बाई, तुझा संसार मी कसा वाचवला.

आता प्रश्न सवाष्णीचा. गावातली नको, गुप्त राहायचं नाही. नात्यातली नको, तेच कारण. म्हणून पोपटरावांनी तालुकाच बदलला. खालापूरला बाजाराच्या टोकाला अपेक्षाताईंचं शिवणकामाचं दुकान होतं. पोपटरावांनी मागे एकदा कंपनीच्या पँटी कमरेत सैल करून घेतल्या होत्या तिथून. बाई चाळिशीतली, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, नवरा ट्रकवर, म्हणजे सवाष्ण नक्की. शिवाय बाई देखणी होती. देखणी असावी अशी अट गुरुजींनी घातली नव्हती. ती पोपटरावांनी आपण होऊन पाळली.

साडी त्यांनी कर्जतला घेतली. नुसती पांढरी सवाष्णीला कशी द्यायची, म्हणून दुकानदाराने मोतिया रंगाची, लाल काठाची काढली.

"वहिनींना शोभेल," दुकानदार म्हणाला.

खोटं बोलायचं नव्हतं. "तिच्यासाठी नाय," पोपटराव म्हणाले.

दुकानदार एकदम अदबीने वागायला लागला. पिशवी त्याने कागदात गुंडाळून दिली.

शुक्रवारी पोपटराव लवकर सुटून खालापूरला उतरले. एका हातात साडी, दुसऱ्यात साखर, खिशात मोगऱ्याच्या अत्तराची बाटली. दुकानात अपेक्षाताई मशीनवर होत्या.

"या दादा. फॉल लावायचा का?" पिशवीकडे बघून त्या म्हणाल्या.

"फॉल नको. ही तुमच्यासाठी."

"म्हणजे, शिवायला काय हाय?"

"शिवायला काय नाय. तुमाला दिली. ही साखर. आणि हे." त्यांनी खिशात हात घातला. बाटलीचं बूच वाटेतच सैल झालं होतं. अर्धं अत्तर शर्टाने पिऊन टाकलं होतं, उरलेलं त्यांनी मशीनवर ठेवलं.

"पण कशासाठी?" बाई उभ्या राहिल्या.

कशासाठी हे तर सांगायचं नव्हतं. पोपटराव इकडेतिकडे बघत म्हणाले, "ते विचारू नका. माझ्या घरात अडचण हाय. तुमी नाय म्हणू नका."

बाईंनी कागद सोडला. साडीवरून हात फिरवला. आणि त्यांचे डोळे भरून आले. बघता बघता पाणी गालावर आलं.

ग्रह काम करतात हे पोपटरावांना ठाऊक होतं, पण साडी हातात पडताच करतात हे ठाऊक नव्हतं. बाईंनी "थांबा, पाणी तरी घ्या," म्हणत पाऊल पुढे टाकलं, तसे पोपटराव मागच्या मागे दुकानातून उतरले आणि दिसेल त्या सहाआसनी रिक्षात बसले. ती उलट्या दिशेला, खोपोलीला चालली होती. तरी ते उतरले नाहीत.

घरी पोचायला दिवेलागण झाली. ते ओटी चढले त्याआधी मोगरा चढला.

"कुठं होतात?" सुनंदाने विचारलं.

"खालापूरला."

"तिथं कोण हाय?"

"एक बाई हाय."

सुनंदाला हसू आलं. "काय काम काढलं बाईकडं?"

"सांगता येत नाय."

"आणि हा वास?"

"अत्तराचा. तिच्यासाठी घेतलेलं."

हसू जरा कमी झालं. "आणखी काय घेतलं तिच्यासाठी?"

दारात उभी असलेली प्राची सासऱ्यांना डोळ्यांनी विनवत होती, की पप्पा, आता काहीतरी खोटं सांगा. पण पोपटराव नेमाचे पक्के. "साडी," ते म्हणाले. "मोतिया रंगाची. काठाची."

"मग काय म्हणाली ती?"

"रडली."

दान केलं, एवढी एकच गोष्ट सांगायची नव्हती, तेवढी त्यांनी प्राणपणाने लपवली. बाकी सगळं सांगून टाकलं.

"बरं," सुनंदा म्हणाली. तिने आत जाऊन गॅस बंद केला, परत आली, त्यांचं पान वाढलं आणि खोलीत निघून गेली.

सकाळपर्यंत उरलंसुरलं काम स्वप्नीलने केलं. स्वप्नील हा शेजारच्या आळीतला, सातबारा काढायला नेमका खालापूरला गेलेला. त्याने पोपटकाकांना शिवणवालीच्या दुकानातून पळत निघताना पाहिलं होतं आणि दारात ती बाई डोळे पुसताना पाहिली होती. त्याने एवढंच सांगितलं. बाकी गावाने सांगितलं. सकाळी साडी होती, दुपारी तिचं गंठण झालं, आणि संध्याकाळी देवळाच्या पारावर पोपटरावांना खालापुरात एक मुलगा आहे आणि तो दहावीला बसलाय, इथपर्यंत आलं.

पहिले एक-दोन दिवस, खरं सांगायचं तर, पोपटरावांना बरं वाटलं. पारावरून जाताना माणसं बोलायची थांबत. सलूनवाल्याने विचारल्याशिवाय चेहऱ्याला क्रीम लावलं. आणि मुख्य म्हणजे घरात कोणी हसत नव्हतं. सुनंदाला पटलं होतं. शेवटी एकदा तिने त्यांचं बोलणं मनावर घेतलं होतं.

पण सुनंदाने मनावर घेतलं की काय होतं, याचा त्यांना अनुभव नव्हता. ती भांडली नाही. भांडली असती तर पोपटराव काहीतरी बोलले असते. ती चहा देई, डबा देई, कपडे काढून ठेवी, आणि सगळं प्राचीमार्फत. "प्राची, पप्पांना सांग, पाणी तापलंय." पप्पा तिथेच, दोन हातांच्या अंतरावर, टॉवेल घेऊन उभे असत. जेवताना ती समोर बसेना. वालाचं बिरडं केलं, त्यात मीठ नव्हतं. पोपटरावांनी मागितलं नाही. मुकाट्याने अळणी जेवले.

मग एका सुट्टीच्या दुपारी ते पाणी प्यायला आत गेले तर सुनंदा आरशापुढे उभी होती. आरशापुढे उभं राहायला तिला कधी फुरसत नसायची, टिकली सुद्धा ती अंदाजाने लावायची. आता तिने कानावरचे पांढरे केस बोटांनी मागे ओढून धरले होते आणि ती स्वतःकडे बघत होती. मान जरा वळवली, गालावर हात ठेवला, पुन्हा बघितलं. पोपटराव दिसताच तिने फडकं उचललं आणि आरसाच पुसायला घेतला.

पोपटराव पाणी न पिताच बाहेर आले. बायको हसली तेव्हा त्यांना अपमान वाटला होता. आता त्यांना तो अपमान परत हवा होता. ही बाई तीस वर्षं आपल्याला एवढी गृहीत धरून बसली होती, की संशय नावाची वस्तूच घरात नव्हती, आणि आपण मोतिया साडी देऊन तो संशय घरात आणला. शर्ट चढवून ते तडक कर्जतला निघाले.

"गुरुजी, उपायाला उपाय सांगा," माळ्यावर चढताच ते म्हणाले आणि सगळी हकीकत सांगितली.

गुरुजी ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा लांबत गेला. "एकटे गेलात?"

"गुप्त सांगितलं होतं तुमी."

"अहो, गुप्त म्हणजे गावाला गुप्त. मी काय म्हटलं होतं शेवटी? पत्नीच्या हस्ते द्यायचं, पती-पत्नीने जोडीने जायचं. सप्तमस्थान पत्नीचं, मग दान कोणाच्या हातून जाणार?"

पोपटरावांची नजर समोरच्या कपाटाकडे गेली. आज काचेत दिसणारा गृहस्थ अगदीच बावळट दिसत होता.

"मग आता सांगू का तिला?"

"ताबडतोब सांगा. फळ गेलं तर गेलं." गुरुजींनी थोडा विचार केला. "पण योग किती अचूक आला बघा. स्त्री, वस्त्र, गृहसौख्याला धक्का. मंगळ अजून यायचाच आहे, तोवर एवढं."

हा आपल्याला आधार देतोय की स्वतःची पाठ थोपटतोय, हे बघायला पोपटराव थांबले नाहीत. सगळी वाट त्यांनी मनात बोलणं जुळवलं. सुनंदा, मी मूर्ख हाय, इथून सुरुवात करायची, पुढचं तिच्या चेहऱ्याकडे बघून.

घराला कुलूप होतं. शेजारच्या मोतीबाई कुंपणाशीच उभ्या होत्या. अशा वेळी त्या कुंपणाशीच असत.

"सासू-सून खालापूरला गेल्यात," त्या म्हणाल्या. "स्वप्नीलला दुकान विचारून गेल्यात. सुनंदा आधी साध्या चपला घालून निघालेली. कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली, आणि शेतावर जायच्या जाड चपला घालून गेली."

पोपटराव ओटीवर बसले. पाठोपाठ जावं तर पोचेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असणार. न जावं तर इथे मोतीबाई. हळूहळू कुंपणाशी आणखी माणसं आली. कोणाला वाटी हवी होती, कोणाची कोंबडी सापडत नव्हती. कोंबडी कोणीही शोधत नव्हतं. पोपटरावांच्या डोळ्यांपुढे खालापूरचा बाजार येत होता, बाजाराच्या टोकाला गर्दी, गर्दीच्या मध्ये सुनंदा, आणि त्या निरपराध बाईच्या दुकानात जाड चपला. तिचा काय दोष? त्यांना वाटलं, शुक्र, राहू आणि मंगळ तिघांनी मिळून आपल्याएवढा गाढवपणा केला नसता.

ऊन कलल्यावर दारात सहाआसनी थांबली. आधी प्राची उतरली. मग सुनंदा. चपला पायात होत्या, तेवढं पोपटरावांनी पाहून घेतलं. आणि मग हातात कपड्यांची पिशवी घेऊन, मोतिया रंगाची, लाल काठाची साडी नेसून अपेक्षाताई उतरल्या.

कुंपणाशी कोणाच्या तरी हातातली वाटी पडली.

अपेक्षाताई सरळ ओटीशी आल्या आणि वाकून पोपटरावांच्या पाया पडल्या. "दादा, न सांगता पळालात. ओवाळून तरी घ्यायचं व्हतं."

पोपटरावांनी सुनंदाकडे पाहिलं. तिचा चेहरा दगडासारखा होता, पण एका बाजूने तो दगड हलत होता.

"माझ्या भावांनी जमीन विकायला काढली," अपेक्षाताई सांगत होत्या, पोपटरावांना आणि कुंपणालाही. "मी हक्कसोडीवर सही केली नाय. तवापासून माहेर तुटलं. भाऊबीजेला साधा फोन येत नाय. आणि परवा हा माणूस आला. वळख नाय, पाळख नाय. साडी पुढं ठेवली, म्हणाला, घरात अडचण हाय, नाय म्हणू नका. मी लगेच समजले. याला भैण नसणार. नायतर माघात कोण भाऊबीज करतं?"

"आणि अत्तर?" कुंपणापलीकडून मोतीबाईंनी विचारलं. त्यांचा सहजासहजी विश्वास बसत नसे.

"ते आमच्या ह्यांना दिलं. शर्टाला डिझेलचा वास येतो."

झालं ते पुढे प्राचीने सांगितलं. आई दुकानाची पायरी चढल्या, चप्पल हातात घ्यायला वाकल्या, तेवढ्यात ती बाई मशीनवरून उठली आणि "वयनी ना? मला वाटलंच तुमी येणार," म्हणत गळ्यात पडली. चप्पल अर्धी पायात, अर्धी हातात. आईंना ती पुन्हा पायात घालायला वेळ लागला. मग चहा आला. मग आईंनी सप्तमस्थानाची गोष्ट सांगितली. मग दोघी इतक्या हसल्या, की शेजारचा भांडीवाला बघायला आला.

पोपटरावांनी मग सगळं सांगितलं, पांढरं वस्त्र, साखर, सुगंध, गुप्त. सुनंदा ऐकून म्हणाली, "मला सांगितलं असतं तर मी आले नसते होय?" एवढंच. पण त्या दिवशी जेवताना ती समोर बसली. बिरड्यात मीठ होतं. जरा जास्तच होतं. पोपटरावांनी दोनदा घेतलं.

अपेक्षाताई माहेरपणाला आल्या त्या नवरा फेरीवरून येईपर्यंत राहिल्या. पोपटराव एकुलते एक, त्यामुळे सुनंदाला जन्मात नणंद नव्हती. ती कसर दोघींनी भरून काढली. नणंदा भावजयांच्या विरुद्ध असतात अशी पोपटरावांची समजूत होती. इथे दोघी मिळून त्यांच्या विरुद्ध होत्या. बहीण झाल्यामुळे अपेक्षाताईंना अधिकार आला होता. "दादा, एवढा भात नको." "दादा, ओला टॉवेल खाटेवर टाकलात." "दादा, वयनीने एवढी वर्षं कसं काढलं तुमच्याबरोबर?" गावातली हवा दोन दिवसांत उतरली. सलूनवाल्याने क्रीम लावणं बंद केलं. पारावर त्यांना माघातला भाऊ म्हणायला लागले, आणि आळीतली मोतीबाईंसकट सगळी बाईमंडळी अपेक्षाताईंकडे ब्लाउज टाकायला लागली. कर्जतला नित्सुरे गुरुजी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की परस्त्री घरात येणार म्हटलं, आली की नाही बघा.

होळी झाली. पुरणपोळ्या बांधून घेऊन अपेक्षाताई नवऱ्याच्या ट्रकमधून खालापूरला गेल्या. शुक्रही त्याच सुमाराला मीनेत गेला असावा, कोणी पाहायला गेलं नाही. दुपारी घर शांत झालं. सुनंदा ओटीवर पाय पसरून बसली होती. पोपटराव थोडा वेळ घोटाळले आणि शेजारी बसले.

"एक विचारू?"

"विचारा."

"तुला खरंच वाटलं होतं? म्हणजे, माझ्यावर एखादी बाई... तसं होऊ शकतं?"

सुनंदाने रस्त्याकडे बघत विचार केला. "वाटलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. लई वाटलं. डोळ्याला डोळा लागला नाय."

पोपटरावांनी तिचा हात हातात घ्यायचा विचार केला, पण समोर मोतीबाई होत्या.

"म्हणून तर गेले," सुनंदा म्हणाली. "म्हटलं, एवढी डोळं फुटलेली बाई हाय तरी कोण, बघून यावं."

यावर एखाद्याने रागवावं. पोपटराव रागावले नाहीत. चार दिवस का होईना, वाटलं होतं ना, एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं, आणि मग ते हंडे घेऊन नळावर गेले, कारण पाण्याची वेळ झाली होती.